कंठ बघून घास

गुंडेरावांचा चेहरा निळा-काळा पडला होता आणि समोरचा धिप्पाड माणूस त्यांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होता. मी स्वयंपाकघरातून पळत आले ती सरळ त्या तांब्यावर हात मारला. तांब्या ओसरीभर गडगडत गेला आणि पाणी त्या माणसाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सांडलं.

"पाणी न्हाई पाजायचं," मी म्हणाले.

"घशात पेढा अडकलाय हो. पाण्यानं खाली जाईल."

"खाली न्हाई, फुफ्फुसात जाईल. सरका बाजूला."

अंगणात हलगी कडाडत होती. वाजवणाऱ्यांना ओसरीवरचं काही दिसत नव्हतं. क्लासच्या जीपवरचा कर्णा वेगळाच ओरडत होता. सगळीकडे गुलाल. एवढ्या आवाजात एकट्या गुंडेरावांचा आवाज बंद होता. जेवताना खोकणाऱ्या म्हाताऱ्याची मला भीती वाटत नाही. खोकतोय म्हणजे वारा आत-बाहेर जातोय. ज्याचं तोंड उघडं आणि आवाज बंद, तो हातातून चाललेला असतो.

मी त्यांना खुर्चीतच पुढे वाकवलं. एक हात छातीखाली घातला आणि दुसऱ्या हाताने पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जोरात मारलं. पुन्हा मारलं. पुन्हा. गालातला पेढ्याचा लगदा बदकन माझ्या मनगटावर पडला. मला वाटलं, सुटले. पण श्वास आला नाही. खाली आणखी होतं.

हे कसं झालं ते आधी सांगते, मग पुढचं. वाचणाऱ्याला घाई असली तर असू द्या. माझ्या कामात घाई केली की माणूस मरतो.

मी मुखेडची. शाळा चौथीपर्यंत. भूकंप झाला तेव्हा मदत छावणीत स्वयंपाकाला बायका पाहिजेत असं कळलं, म्हणून एसटीत बसून लातूरकडे आले. छावणी उठली, लोकांना घरं मिळाली. ज्यांच्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं ते म्हातारे मात्र पत्र्याच्या शेडमध्येच राहिले. मीही राहिले. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मुखेडला माझी कुणी वाट बघत नव्हतं आणि इथे चूल पेटलेली होती. त्या शेडचा पुढे वृद्धाश्रम झाला. मी आधी स्वयंपाकीण होते, मग माणसांचंही बघायला लागले, मग दोन्ही. सगळे मला आक्का म्हणायचे.

संस्थेने पुढे पक्की इमारत बांधली, स्लॅबची. म्हाताऱ्यांनी तिच्यात बसून जेवायला साफ नकार दिला. झोपायला कसेबसे आत गेले, पण ताट आलं की उठून बाहेर. एक आजी म्हणाली, "आक्का, ताटात बघावं का वर बघावं?" खरं होतं तिचं. जेवणाऱ्याचं लक्ष ताटात पाहिजे. मग जेवणासाठी पुढे पत्र्याची लांब ओसरी काढली. ह्या गोष्टीत जे घडलं ते सगळं त्या ओसरीवर.

लोकांना वाटतं, वृद्धाश्रमातलं काम म्हणजे म्हाताऱ्यांशी गोड बोलणं. मी कधी गोड बोलले नाही. काम म्हणजे हात धुणं. पिण्याचं पाणी उकळणं, टाकी घासून घेणं, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, शिजलेलं गरम असताना वाढणं, आणि रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून फ्रीजमध्ये राखणं. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर डॉक्टरला दाखवायला ती वाटी असते. तरण्या माणसाला शिळं बाधलं तर दोन दिवस जुलाब होतात आणि तो हसत कामाला जातो. म्हाताऱ्याचं दोन दिवसांत पाणी पाणी होऊन आटोपतं.

आमच्याकडे सोनाबाई म्हणून होत्या, किल्लारीकडच्या. रोज अर्धी भाकर उशीखाली लपवायच्या. छावणीत जेवणाचं पुढचं पाकीट कधी येईल ते कुणाला माहीत नसायचं, ती सवय. भाकरीला बुरशी यायची, मुंग्या यायच्या. दोनदा पोट बिघडलं. मी ओरडले, गादी झटकली, काही उपयोग नाही. मग मी तिला फडक्याची पिशवी शिवून दिली आणि रोज सकाळी तिच्यासमोर कालची भाकर काढून ताजी ठेवायला लागले. एकदा मी घाईत विसरले तर म्हणते कशी, "आक्का, आज माझा माल बदलला न्हाई." तिला भाकर खायची नव्हतीच. ती जवळ असायला पाहिजे होती. ताजी असली की माझीही हरकत नव्हती.

मग लातूरला क्लासचे दिवस आले. आमच्या बाजूची शेतं गेली आणि तिथे होस्टेलं उभी राहिली. मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा, कुठून कुठून पोरं आली. खिडकीखिडकीत पोरगं, पोरापोरापुढे पुस्तक. त्यांच्या आयांना कुणीतरी सांगितलं की म्हाताऱ्यांचा आशीर्वाद लागतो. झालं. परीक्षेच्या सकाळी आमच्या दारात पाया पडायला रांग. म्हातारे आधी लाजले, मग सवय लागली. पोरं यायच्या आधीच आंघोळ करून, टोपी घालून बसायचे.

आमचे रहीमचाचा आमच्या सचिवांना म्हणाले, "गुरुजी, बोर्ड लगाव. दुवा क्लासेस. हमारे यहां नापास हुआ तो अगले साल फुकट."

रांगेबरोबर नवसही आले. नंबर लागला तर वृद्धाश्रमाला गोड जेवण घालीन. निकालाच्या दिवसांत आमच्या फाटकापाशी मी आणि दाते यांची नुसती कुस्ती चालायची. कुणी लग्नातली उरलेली बासुंदी आणायचं, कुणी सकाळी टांगलेलं आणि दुपारी पातळ झालेलं श्रीखंड. अन्नाला नाही म्हणू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे नाही म्हणणारी मी वाईट.

एक गृहस्थ बासुंदीचा डबा घेऊन आले. म्हणाले, "आजची हाय, आक्का. एकदम ताजी."

"मग वाटीभर तुम्ही प्या माझ्यासमोर."

त्यांनी डब्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "ह्यास्नी दूध सोसत न्हाई."

"आमच्या लोकांना बी न्हाई सोसत," मी म्हणाले, आणि फाटक लावलं.

शेवटी मी गुरुजींकडून नियमच करून घेतला. शिधा द्या, शिजवू आम्ही. तुमच्या नावाने, तुमच्यासमोर, पण आमच्या चुलीवर. लोक ऐकायला लागले. पेढ्याचं मात्र जमेना. निकालाचा पेढा शिजवून आणता येत नाही आणि आपल्याकडे पेढा नुसता देत नाहीत, हाताने भरवतात. तोंड गोड करतात. एकाने भरवला की दुसऱ्यालाही भरवायचा असतो, आणि खाणाऱ्याला एकाचा घेऊन दुसऱ्याचा नाकारता येत नाही. त्याला अपमान म्हणतात.

आता गुंडेराव. उंच, रुंद हाडाचे शेतकरी. भूकंपात त्यांना ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. घरातलं दुसरं कुणी निघालं नाही. आश्रमात आले ते चालत आले, आमच्या आवारात लिंबं त्यांनीच लावली. पुढे त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणं बिघडलं.

गिळणं बिघडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. लकव्याच्या माणसाला तुम्ही भरवता, तो चावतो, तोंड मिटतो, तुम्हाला वाटतं गेलं. ते गेलेलं नसतं. मेलेल्या बाजूच्या गालात साठून बसलेलं असतं आणि त्याला स्वतःलाही ते लागत नाही. तुम्ही पुढचा घास देता, तो मागचा ढकलतो, आणि मागचा भलत्या वाटेला लागतो. पाणी तर त्याहून वाईट. पातळ पाणी पळतं. त्याला घशाने सावरायच्या आत ते श्वासनळीत उतरतं.

हे मला नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. आमच्यासारख्या कामवाल्यांसाठी त्यांनी शिकवणी घेतली होती. आम्हा सगळ्यांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकींना भरवायला लावलं. मग म्हणाल्या, तोंडाकडे बघू नका, गळ्याकडे बघा. गिळताना कंठ वर जाऊन खाली येतो. तो आला की घास गेला. मी घरी येताना एसटीभर लोकांचे गळे बघत आले. एका माणसाने शेवटी रुमाल बांधून घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे कंठ बघून घास. ज्याचं गिळणं कच्चं त्याला ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, लहान चमचा, घट्ट कण्या नाहीतर घट्ट आंबील. कंठ हलला, की गाल बघायचा. गाल रिकामा, की दुसरा चमचा. एका जेवणाला लई वेळ जातो. माझ्याकडे एवढे हात नव्हते, म्हणून मी जोड्या लावल्या. चमचा आमची बाई धरणार, गळा शेजारच्या पलंगावरचा म्हातारा बघणार. म्हाताऱ्यांना दिवसभर काम काय असतं? त्यांना हे काम आवडलं. एकमेकांवर पाळत ठेवायला कुणाला आवडत नाही?

गुंडेरावांच्या गळ्यावर रहीमचाचा. चाचा देगलूरचे, कल्हईवाले. भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरलेले. स्टील आलं, कल्हई गेली, पुढे साखरेच्या आजाराने एक पाय गुडघ्याखाली गेला. नजर मात्र शाबूत. रोज दोन वेळा गुंडेरावांसमोर बसायचे.

आमची बाई विचारायची, "हलला?"

"ठहर. अभी नै हल्या. पाटलाचा कंठ हाय तो, बोलावल्यावर थोडाच येतो?" मग थोड्या वेळाने, "हां. हल्या. आने दो."

गुंडेराव बोलू शकत नव्हते, पण डाव्या हाताने चाचांना जे काही करून दाखवायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निकालाच्या त्या दिवशी देगलूरकडचे दिगंबरराव सगळं घर घेऊन आले. त्यांची लेक ऋतुजा शेजारच्या होस्टेलात दोन वर्षं राहिली होती. तिचा मेडिकलला नंबर लागला. त्यांच्या खानदानात पहिली डॉक्टर. गडी आनंदाने वेडा झाला होता. क्लासची जीप, हलगी, फोटोवाला, आणि पेढ्यांची खोकी. मला वाईट नाही वाटलं. खरं सांगायचं तर माझेही पाय हलगीवर हलत होते.

मी पेढे फाटकापाशीच ताब्यात घेतले. वास घेतला, मोडून बघितला, ताजा होता. म्हणाले, "ज्यांचं गिळणं धड न्हाई त्यांना मी दुधात कुस्करून घट्ट करून देते. बाकीच्यांना तुम्ही भरवा."

"तुम्ही म्हनाल तसं, आक्का," दिगंबरराव म्हणाले. आणि खरोखर तसंच वागले असते. पण त्यांच्या भावाने जीपमधून दुसरं खोकं आणलं ते मला माहीत नव्हतं. मी आत दुधात पेढे कुस्करत होते.

इकडे फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत बसवलं. गुंडेराव खुर्चीत, टोपी घालून, देखणे दिसत होते. बसलेला लकव्याचा माणूस धडधाकट दिसतो. गिळणं धड नसलेल्यांत हे आहेत, हे पाहुण्यांना कळलं नाही. ऋतुजाने पाया पडून एक तुकडा तोंडात घातला. तिच्या आईने एक घातला. मग चुलत्याने. गुंडेरावांनी प्रत्येक वेळी तोंड उघडलं. पोरीच्या यशाचा पेढा कोण नाकारील? तिन्ही तुकडे उजव्या गालात जाऊन बसले. मग दिगंबरराव पुढे आले आणि त्यांनी अख्खा पेढा भरवला. फोटोवाला म्हणाला, जरा वर बघा. गुंडेरावांनी मान वर केली.

चाचा केव्हाचे ओरडत होते. "नक्को! नै हल्या उसका! रुको!" हलगीत कोण ऐकतं? लोकांना वाटलं, म्हातारा खुशीत आहे. एकाने त्यांनाही पेढा भरवायला हात पुढे केला. चाचांनी त्याचा हात झटकला, कुबडी उचलली आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत फेकली. ती येऊन माझ्या रिकाम्या पातेल्यावर आदळली. जन्मभर भांडी वाजवलेला माणूस. त्या आवाजाने मी उडालेच, आणि पळाले.

तर मी पाठीत मारत होते आणि श्वास येत नव्हता.

पुढची युक्तीही डॉक्टरीणबाईंनी शिकवलेली होती. मागून मिठी मारायची, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाखाली धरायची आणि आत, वरच्या अंगाला, झटका द्यायचा. शिकवणीत मी ती एका काटकुळ्या नर्सवर करून बघितली होती. गुंडेरावांभोवती माझे हात पुरेनात. बोटाला बोट लागलं, मूठ होईना. त्यांचं डोकं एका बाजूला कलायला लागलं.

दिगंबरराव ओल्या सदऱ्याने तसेच उभे होते. त्यांचे हात बघितले मी. नांगराचे हात, लांब.

"दिगंबरराव, या मागं. मिठी मारा त्यांना."

"माझ्यानं न्हाई व्हायचं, आक्का. म्याच मारलं त्यांना."

"अजून न्हाई मेले. या."

ते आले, दोन्ही हात घातले आणि गुंडेरावांना सोयाबीनच्या पोत्यासारखं वर उचललं. "पोतं न्हाई ते," मी ओरडले. त्यांची मूठ धरून जागेवर ठेवली. "हितं. आत दाबा आन् वर. झटका द्या." पहिला झटका भित्रा होता. ऋतुजा पुढे आली, गुंडेरावांचं कललेलं डोकं तिने दोन्ही हातांत धरलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, जोरात. बरगडी मोडली तरी चालंल."

दिगंबररावांनी डोळे मिटले आणि दुसरा झटका दिला. मग तिसरा. पेढ्याचा गोळा ऋतुजाच्या नव्या ड्रेसवर येऊन आपटला.

मग तो आवाज आला. तुम्ही कधी ऐकला नसेल. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चाक कुरकुरावं तसा, आत ओढलेला श्वास. कुणीतरी धावत जाऊन हलगी थांबवली होती, त्यामुळे तो ओसरीभर ऐकू आला. दुसरा श्वास, तिसरा. चेहऱ्यावरचा काळेपणा ओसरायला लागला.

तेवढ्यात ऋतुजाची आई पुन्हा तांब्या भरून घेऊन आली. आता लेकच ओरडली, "आई, पाणी नको म्हणल्या ना त्या."

क्लासच्या जीपमधूनच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. वर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली गुंडेराव आडवे, दिगंबरराव त्यांना धरून, आणि मी रस्त्यातल्या गुलालवाल्यांना बाजूला व्हा म्हणून हात करत. लातुरात त्या दिवशी जीप बघून लोक टाळ्या वाजवत होते.

श्वास आला म्हणजे संपलं, असं नसतं. पेढ्याचा काही अंश आणि लाळ छातीत गेली होती. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, न्यूमोनिया आहे, वय आहे, आत्ता काही सांगता येत नाही. नाकातून नळी घातली. ऑक्सिजन लावला. बरगडी एक मोडलीच होती.

दिगंबरराव गावी गेले नाहीत. वऱ्हांड्यात बसून राहिले. म्हणाले, "आक्का, ह्यो मानूस गेला तर पोरीच्या डॉक्टरकीचा पयला मुडदा माझ्या हातचा. मी तिला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं मग बघा. आत्ता त्यांची कूस बदलायची हाय, पाय धरा," मी म्हणाले. त्यांनी धरले. पाठ थोपटायचं, कफ पुसायचं, उशी लावून अर्धवट बसतं ठेवायचं, हे सगळं ते शिकले. ऋतुजा होस्टेलवरून यायची. तिला मी फक्त एकदा विचारलं, "भ्यालीस का?" म्हणाली, "हाव, भ्याले." मला पोरगी आवडली.

आश्रमात येऊन मी चाचांना खबर द्यायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "उसकी आंबील मैं पी गया. वाया कायकू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचीही घेतली नाही. साखरेचा माणूस, उपाशी राहून चालत नाही. मी म्हणाले, तुम्ही बी आडवे झालात तर मला दोन जागी पळावं लागंल. तेव्हा मुकाट्याने वाटी उचलली.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय का बघू, आलं तर नळी काढू, नाहीतर नळी कायमची. माझ्या अनुभवाने कायमची नळी म्हणजे म्हातारा फार दिवस काढत नाही. ओढून काढतो, नाहीतर आतून हरतो. मी घट्ट आंबील केली, ताठ बसवलं, चमचा पुढे नेला. गुंडेरावांनी ओठ मिटले. घट्ट. दिगंबररावांनी हात जोडले, ऋतुजाने आबा, आबा म्हणून बघितलं. ओठ हलेनात. डोळ्यांत नुसती भीती. ज्या माणसाने ढिगाऱ्याखाली श्वास धरला होता तो एका चमच्याला भीत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, उद्या एकदा बघू, मग थांबू.

मी रिक्षा केली आणि चाचांना घेऊन आले. दिगंबररावांनी त्यांना कडेवर उचलून पलंगासमोर खुर्चीत ठेवलं. चाचांनी गुंडेरावांकडे नीट बघितलं.

"क्या पाटील. मिठाई खा ली म्हणे अकेले अकेले."

गुंडेराव बघत राहिले.

चाचांनी माझ्या हातातून वाटी घेतली, चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मान ताठ केली आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "रोज मी बघतो. आज तू बघ. हल्या क्या?"

गुंडेरावांची नजर चाचांच्या गळ्यावर गेली. चाचांचा कंठ वर गेला, खाली आला.

"बोल ना. हल्या क्या?"

गुंडेरावांनी मान हलवली. हाव.

चाचांनी दुसरा चमचा घेतला. गुंडेरावांनी पुन्हा बघितलं, पुन्हा मान हलवली. चार-पाच चमचे चाचांनीच खाल्ले. मी मनात म्हणत होते, वाटी संपेल आता. मग चाचांनी भरलेला चमचा पुढे केला, आणि गुंडेरावांचे ओठ उघडले.

मी गळ्याकडे बघत होते. डॉक्टर बघत होते, ऋतुजा बघत होती, दिगंबरराव दाराला धरून बघत होते. काही होईना. हनुवटी थोडी खाली गेली. आणि कंठ वर गेला, आणि खाली आला. मी गाल उघडून बघितला. रिकामा.

"हल्या," चाचा म्हणाले. "आने दो दुसरा."

त्या दिवशी अर्धी वाटी गेली. पुढे नळी निघाली.

मला ह्या धंद्याबद्दल एकच रुखरुख आहे, ती ह्या प्रसंगाची नाही. माझ्या नियमांपायी कितीतरी म्हातारी माणसं शेवटचा पेढा, शेवटची करंजी, साधं घोटभर थंड पाणीही तोंडात न घेता गेली. मागत होती, मी दिलं नाही. दिलं असतं तर त्या दिवशीच गेली असती, हे मला माहीत आहे. तरी मागणारे चेहरे आठवतात. नियम मी पुन्हा तेच करीन.

लोक विचारतात म्हणून सांगते. गुंडेराव त्यातून जगले. पुढे बरीच वर्षं कण्या आणि आंबिलीवर काढली आणि झोपेत गेले, छाती साफ होती. चाचा त्यांच्या आधी गेले, साखरेने. ऋतुजा नांदेडला डॉक्टर आहे. दिगंबरराव आहेत. मी आहे.